भोंग्याची साक्ष

"वरून पाहिलं म्हणजे नक्की कुठून?" भोंग्याने विचारलं.

"गच्चीवरून," टेलर म्हणाला. "खिडकीतून दिसायचा प्रश्नच नव्हता साहेब. खिडकीवर तेव्हा रंगाच्या डब्याची एवढी मोठी जाहिरात होती. आत हवा यायची नाही, म्हणून दुपारी मी गच्चीत जाऊन बसायचो."

एका दमात म्हणाला. पाठ करून आलेलं पोर कसं मध्ये श्वास घेत नाही, तसं.

भोंगा म्हणजे आमचे वकील. ते आत बोलायला लागले की बाहेर चहाच्या टपरीवर ऐकू यायचं, म्हणून अख्खं कोर्ट पाठीमागे त्यांना भोंगाच म्हणायचं. आत्ता त्यांच्या हातात त्या जाहिरातीच्या परवान्याचा कागद होता. फाईलमधून निम्मा बाहेर काढलेला. तो त्यांनी हळूच परत आत सारला.

"पुढचा प्रश्न?" जज मॅडमनी विचारलं.

"नाही. काही नाही विचारायचं."

सरकारी वकील पेनाचं टोपण चावत होता. त्याने ते तोंडातून काढलं आणि चक्क दात दाखवले. टेलरच्या मागोमाग त्याचा घरमालक उभा राहिला आणि सांगून मोकळा झाला, की गच्चीचं दार बारा महिने उघडंच असतं. दहा मिनिटांत आमची केस संपली.

केस अशी. बाबा गाद्यांच्या गोदामावर वॉचमन होते. एका दुपारी गोदाम पेटलं आणि आत झोपलेला एक हमाल जळून मेला, कारण मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. मालक म्हणाला, कुलूप वॉचमनने लावलं. बाबा म्हणाले, त्या कुलपाची किल्ली मी जन्मात पाहिली नाही. मग समोरच्या इमारतीतला टेलर उगवला. पोलिसांकडे त्याने एवढंच लिहून दिलं होतं, की वॉचमनला कुलूप लावताना मी वरून पाहिलं.

कोणी वकील केस घ्यायला तयार नव्हता. मालकाचा मेहुणा नगरसेवक, त्याच्याशी वाकडं कोण घेणार? भोंग्याने घेतली. त्यांना वाकडं घ्यायची हौसच होती. एका फौजदाराला ते भर कोर्टात म्हणाले होते, "तुमचा पंचनामा वाचला. गोष्ट चांगली लिहिता." एका जजला म्हणाले होते, "निकाल आधीच लिहून आणला असेल तर सांगा, मी घरी जाऊन जेवतो." तिथे महिनाभर बंदी झाली. सव्वीस वर्षं हेच. हमाल, फेरीवाले, वॉचमन, असलेच अशील.

त्यांचं ऑफिस म्हणजे घराचीच बाहेरची खोली. परवान्याचा कागद हाती लागला त्या दिवशी त्यांनी मला आणि आईला समोर बसवलं.

"साक्षीदार म्हणजे उंदीर," ते म्हणाले. "आधी त्याची सगळी बिळं बुजवायची. गच्चीत होतास? नाही. जिन्यात? नाही. रस्त्यावर? नाही. म्हणजे खिडकीतच ना? हो. तीनदा 'हो' म्हणवून घ्यायचं. आणि मग काढायचा कागद, की बाबा रे, त्या खिडकीवर तेव्हा चार महिने जाहिरात ठोकलेली होती. तू काय पत्र्यातून पाहिलंस? तोपर्यंत ही गोष्ट आपल्या तिघांत."

"तिघांत कसली," आतून त्यांची बायको म्हणाली, "गल्लीतल्या कुत्र्यांना पण कळली."

आई हसली. बाबांना पकडल्यापासून पहिल्यांदा हसली असेल.

मग निवडणूक आली आणि भोंगा उभे राहिले. त्याच नगरसेवक मेहुण्याविरुद्ध. "एकेकाला किती दिवस सोडवत बसू?" आईला म्हणाले. "जिथून ढकलतात ना आत, तिथेच जाऊन बसतो आता." मी त्यांची पत्रकं वाटली. घरोघर. लोक दारातूनच म्हणायचे, ठेव तिकडे.

शेवटच्या सभेला निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. ते नळावर बोलले, गटारावर बोलले. माणसं मोबाईल बघत होती, एक जण तर सरळ चप्पल घालून उठला. मला इतका राग आला! मग ते गोदामावर आले आणि आवाज चढला. लोकांनी माना वर केल्या. मागून कोणीतरी ओरडलं, "पुरावा आहे का पुरावा?"

"पुरावा?" भोंगा म्हणाले. "वरून पाहिलं म्हणतो तो टेलर. वर काय आहे त्याच्याकडे? एकच खिडकी! आणि त्या खिडकीवर काय होतं तेव्हा? रंगाचा डबा! पंधरा फुटांचा डबा!"

काय टाळ्या पडल्या! खुर्च्यांवर चढले लोक. मीही चढले आणि दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. आईने माझं मनगट धरून खाली ओढलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, शिट्टी मारली म्हणून चिडली.

तिला तेव्हाच कळलं होतं. मला कळायला टेलर पिंजऱ्यात यावा लागला.

त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात मी भोंग्याला गाठलं. आई "अगं, अगं" करत मागे.

"किती मतं पडली हो तुम्हाला?" मी विचारलं.

"नऊशे अकरा."

"बाबांना किती वर्षं पडणार?"

आईने माझ्या पाठीत धपाटा घातला. ते म्हणाले, "मारू नका तिला. बरोबर विचारतेय."

मग ते स्वतःच खाली कोठडीपाशी गेले आणि गजांतून बाबांना सगळं सांगितलं. माझ्या तोंडाने घात केला, म्हणाले. आता मी तुमची केस चालवू शकत नाही. मी साक्षीदार म्हणून उभा राहतो आणि कोर्टाला सांगतो, की टेलरची ही गच्ची माझ्या भाषणातून निघालीय.

बाबांनी दोन्ही हातांनी गज धरले. मग विचारलं, "नवीन वकील कोण? मोठ्याने बोलतो का?"

नवीन वकील सरकारने फुकट दिलेला होता. पोरगेलासा, सर्दी झालेला. तो बोलायचा ते शेजारी बसलेल्या आईलाही धड ऐकू येईना. पण अक्कल होती त्याला. त्याने सांगितलं, "टेलर सभेला हजर होता एवढं जर साहेबांनी शपथेवर सांगितलं, तर टेलरला परत बोलवायचा आपला अर्ज मंजूर होईल. हजर होता हेच महत्त्वाचं. नाहीतर नुसत्या भाषणाला काय किंमत?"

साक्षीच्या आदल्या दिवशी सकाळीच आई मला घेऊन भोंग्याच्या घरी गेली. बसलीसुद्धा नाही.

"तो होता म्हणा."

"वहिनी, मी पाहिलं नाही त्याला."

"तिसऱ्या रांगेत होता म्हणा. कोण मोजायला बसलंय?"

"सव्वीस वर्षं मी खोटे साक्षीदार फोडत आलो."

"मग तुम्हाला माहीत असेल ना," आई म्हणाली, "न फुटणारं खोटं कसं बोलतात ते."

त्यांच्या बायकोने पाण्याचे पेले आणले होते. ती ते हातात धरूनच उभी राहिली. भोंगा आईबापांच्या भांडणात सापडलेल्या पोरासारखे कधी हिच्याकडे, कधी तिच्याकडे बघायला लागले.

"माझा माणूस आत आहे," आई म्हणाली. "लोक खोटं बोलले म्हणून तो आत गेला. खरं बोलून बाहेर येणार आहे का?"

"बघतो," ते म्हणाले.

रस्त्यात आई म्हणाली, "म्हणतील. बघतो म्हणाले ना." मग चार पावलांनी परत, "म्हणतील."

दुसऱ्या दिवशी ते काळा कोट न घालता आले. साध्या निळ्या शर्टात. पिंजऱ्यात चढताना त्यांचा पाय अडखळला. नेहमी समोर उभं राहून बोट दाखवायचे, त्यामुळे तिथे पायरी असते हे त्यांना ठाऊकच नसावं. त्यांनी शपथ घेतली आणि भाषण जसंच्या तसं सांगितलं. रंगाच्या डब्यासकट. मागच्या बाजूला दोन वकील फिसकन हसले.

आमच्या पोरगेल्या वकिलाने नाक पुसलं आणि विचारलं, "त्या सभेत तुम्ही त्या टेलरला पाहिलंत?"

आईची नखं माझ्या दंडात रुतली. मी मनातल्या मनात ओरडत होते, म्हणा. हो म्हणा. एकच अक्षर आहे. मंचावर वाट्टेल ते बोलता येतं तुम्हाला, आता एक अक्षर बोला.

भोंग्याने बाबांकडे पाहिलं. मग आमच्याकडे. चांगलं लांबलचक पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "पुढच्या दोन रांगांपलीकडे मला कोणीच दिसत नव्हतं. दिवे तोंडावर होते. मी फक्त टाळ्या ऐकत होतो."

सरकारी वकील उठला. "म्हणजे मतांसाठी अशिलाचं गुपित विकलंत?"

"हो."

"मतं तरी मिळाली का?"

"नाही."

"झालं माझं," तो म्हणाला आणि बसला.

मॅडमनी टायपिस्टला चार ओळी सांगितल्या. टेलर सभेला होता याचा पुरावा नाही, अर्ज नामंजूर. निकालाची तारीख पंधरा दिवसांनंतरची पडली. बाबांना शिपाई घेऊन गेले. आईने माझा दंड सोडला तेव्हा त्यावर चार लाल चंद्रकोरी उमटल्या होत्या.

भोंगा पिंजऱ्यातून उतरले. सवयीने वकिलांच्या खुर्च्यांकडे गेले. एक खुर्ची रिकामी होती. शेजारच्याने तिच्यावर आपली बॅग ठेवली आणि खिडकीबाहेर बघायला लागला. ते क्षणभर तिथे थांबले, मग चालत मागे आले, आम्ही बसलो होतो त्या शेवटच्या बाकाकडे.

मी मुद्दाम पाय फाकवून बसले. म्हटलं, नाहीये जागा.

आईने माझा गुडघा धरून बाजूला सारला, पदर आवरला आणि भिंतीकडे सरकली. ते बसले. पुढची केस पुकारली जात होती. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मान वर करून ते ऐकत राहिले, आपलं नाव कधी पुकारतात म्हणून वाट बघणारी माणसं तिथे बसतात तसे.