फारिसायचं तोंड

मुटारे शहराच्या कडेला, डांगाम्वुरातल्या आमच्या गल्लीत फारिसायचं तोंड प्रसिद्ध होतं. ती शाळेचे गणवेश शिवायची आणि मशीनवरून मान न उचलता खिडकीतून नवऱ्यावर ओरडायची. नळ बंद केलात का, भांडं उतरवलंत का, दोन पायांत दोन तऱ्हेचे बूट घालून कुठं निघालात. माघारी बायका तिला हवालदारीण म्हणायच्या. तिचा नवरा चेंजेराय मात्र सगळ्यांचा लाडका. हसरा माणूस, कुणाचीही बिघडलेली इस्त्री मांडीवर घेऊन बसणारा. स्वतःच्या स्वयंपाकघराचं गळकं छप्पर त्यानं शुवाय, त्यांची मुलगी, रांगत होती तेव्हा उतरवलं. नवं घालायचं राहून गेलं आणि प्लास्टिकच्या कागदावर भागत आलं. नोकऱ्याही अशाच, धरल्या तशा सुटल्या. चेंजेराय म्हणजे आमच्या भाषेत 'जपून राहा'. सासूनं हे नाव मला इशारा म्हणून ठेवलं असणार, असं फारिसाय म्हणायची.

एका गोष्टीवर मात्र तिनं कधी थट्टा केली नाही. तिची आई चिमानिमानीहून येणार होती, आणि तिला बसथांब्यावरून आणायचं काम चेंजेरायकडं होतं. तो निघाला वेळेवर. वाटेत कुणाची गाडी बंद पडलेली दिसली आणि त्यानं इंजिनात डोकं घातलं. म्हातारी थंडीच्या भुरभुर पावसात संध्याकाळपर्यंत गाठोड्यावर बसून राहिली. तो हिवाळा सरायच्या आत छातीच्या दुखण्यानं ती गेली. वयच झालं होतं, असं डॉक्टर म्हणाले. दफनाच्या वेळी चेंजेराय इतका रडला की लोक त्यालाच सावरत बसले. खरंच विसरलो, एवढंच तो सांगत होता. फारिसायला ते पटलं नाही. माणूस जे नकोसं असतं तेच विसरतो, असं तिनं मनाशी धरलं आणि पुढं वर्षानुवर्षं त्याच्याशी त्याच हिशेबानं वागली.

शुवाय मोठी होऊन हरारेत नर्स झाली. लहान मुलांच्या विभागात काही आया आपल्या पोरांच्या विसरभोळेपणाबद्दल जे सांगायच्या, ते ऐकून तिला आपलेच वडील दिसायला लागले. ती त्यांना तिथल्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. चेंजेराय तेव्हा पन्नाशी ओलांडलेला. डॉक्टरांनी दोनतीनदा बोलावून सगळं विचारलं आणि सांगितलं, हा लक्ष न टिकण्याचा आजार आहे, लहानपणापासूनचा. यात आळस नाही, बेफिकिरीही नाही. शाळेत खाल्लेल्या छड्या आठवून चेंजेराय तिथंच ढसाढसा रडला. गोळ्या सुरू झाल्या.

शुवायनं फोनवर आईला सगळं समजावलं. फारिसाय बरं म्हणाली आणि फोन ठेवून मशीनपाशी नुसती बसून राहिली. म्हणजे तो खरंच विसरला होता. आईच्या मरणाचा राग तिनं इतकी वर्षं त्याच्यावर काढला होता. आता त्याच्यावर काढता येईना, आणि राग तर काही गेला नव्हता.

तिच्या नणंदेनं, टेटे एरिनानं, न्यांगाहून येऊन घरच्यांना जमवलं. टेटे म्हणजे नवऱ्याची बहीण, आणि घरातल्या भांडणात तिचा शब्द शेवटचा.

"माई शुवाय," लेकीच्या नावानं हाक मारत टेटे फारिसायला म्हणाली, "पंचवीस वर्षं माझ्या आजारी भावाला तू फाडून खाल्लंस. आंधळा ठेचकाळला म्हणून त्याला कुणी मारतं का?"

"ते आंधळे आहेत हे मला कुणी सांगितलं होतं, टेटे? तुम्ही तर त्यांना जन्मापासून बघत होतात."

"आमच्या घरी तो सुखात होता."

"तुमच्या घरी त्यांच्यामागं चार बहिणी धावत होत्या. इथं मी एकटी."

तरी ठरलं ते हेच, की फारिसायनं सगळ्यांदेखत गुडघे टेकून माफी मागावी. तिनं मागितली. राहू दे, राहू दे, असं चेंजेराय म्हणत होता, पण जागचा उठला नाही.

गोळ्यांनी गुण आला. चेंजेरायनं स्वयंपाकघरावर नवे पत्रे घातले आणि गल्ली बघायला लोटली. फारिसायनं सगळ्यांना चहा केला. त्या दिवशी मी तिला मनापासून हसताना पाहिलं. नंतर एकदा सकाळी चहा पिता पिता तो तिला म्हणाला, "आता मला सगळं नीट ऐकू येतं. पूर्वी तुझं बोलणं अर्धं वाऱ्यावर जायचं. तू किती कडू बोलतेस गं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं, असं तिनं मला सांगितलं. तिनं गप्प राहायचा प्रयत्न केला, पण इतक्या वर्षांची सवय, तोंड आपोआप उघडायचं. शेवटी थोडी शांतता हवी म्हणून तो न्यांगाला टेटे एरिनाच्या बटाट्याच्या शेतावर गेला, आणि तिथंच राहिला.

पुढच्या ईस्टरला तो आमच्या चर्चमध्ये देवाच्या कृपेची साक्ष द्यायला आला. इस्त्रीचा शर्ट, सरळ नजर. फाटकाशीच फारिसायनं त्याला गोळी घेतली का विचारलं. घेतली, म्हणाला, आणि पुढं गेला. मग सगळ्यांपुढं उभं राहून त्यानं देवाचे आभार मानले, डॉक्टरांचे मानले, शुवायचे मानले, आणि आपल्याला आईच्या मायेनं सांभाळणाऱ्या टेटेचे. लोकांनी डोळे पुसले. फारिसाय चर्चच्या महिला मंडळाच्या लाल ब्लाउजात, पांढऱ्या टोपीत, पहिल्याच रांगेत बसली होती.

बाहेर आल्यावर शुवायनं तिचा हात धरला. "तुझं नाव घ्यायचं विसरले असतील गं आई. आजारच तसा आहे."

"गोळी घेतली होती त्यांनी," फारिसाय म्हणाली.

फारिसाय अजून गणवेश शिवते. न्यांगाला ती कधी गेली नाही, आणि त्यानंही तिला बोलावलं नाही.