सगळं जुळलं होतं

मी एक जुना मराठी शब्दकोश आहे, मित्रांनो. माझी पानं पुण्यात शिवली गेली, पण आयुष्य गेलं सुरतेत, भेस्तानच्या एका खोलीत. शेजारी दिवसभर कापड विणणारे लूम चालत. भिंत हलकेच थरथरे, तेव्हा माझ्यातले शब्द झोपेत कूस बदलत आहेत असं मला वाटे.

त्या खोलीत राहणाऱ्या चंचलला सातवीत मराठीत पहिली आली म्हणून मी बक्षीस मिळालो. तिचे वडील सुकदेव लूमवर कामाला होते. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी पाहुण्यांना ते मला अभिमानाने दाखवत. पुढे कौतुक ओसरलं. मी फळीवर लोणच्याच्या बरणीखाली गेलो आणि तेलाचा डाग अंगावर घेऊन स्वप्नं पाहत राहिलो.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत धुळ्याहून चंचलचे धाकटे काका भिकन आले. त्यांनी तिच्यासाठी स्थळ आणलं होतं.

"पत्रिका जुळनी, मुहूर्तबी जुळना. अकरा मार्च," ते म्हणाले. "आते सगळं जुळनं!"

चंचल दहावीत होती. तिने मला खाली काढून पुसलं.

"आबा, ऐका," ती वाचू लागली. "जुळणे. एक, दोन गोष्टी एकाच वेळी येणे. दोन, एकमत होणे."

"म्हंजे?" सुकदेवांनी विचारलं.

"अकरा मार्चलाच माझा बोर्डाचा पहिला पेपर आहे. म्हणजे पहिला अर्थ बरोबर. पण दुसरा? मला तर कोणी विचारलंच नाही."

काका हसले. "पोरले काय इचारानं?"

मग सुकदेवांनी मला मांडीवर घेतलं. मुलीचं बोट होतं त्याच ओळीवर आपलं बोट ठेवलं, जणू ती ओळ स्पर्शाने कळेल.

"भिकन, नही जुळनं," ते हळूच म्हणाले. "तिले पेपर देऊ दे. बाकीनं तिले इचारीसन."

काका रुसून परतले. वर्षभर त्यांचा निरोप आला नाही, आणि ते सुकदेवांना फार लागलं. पण चंचल पास झाली. कामाच्या पाळीवरून आल्यावर सुकदेव मला उघडत, चंचल एक शब्द वाचे आणि ते तो मोठ्याने म्हणत. एके दिवशी एका पानावर त्यांनी आपल्या नावातला 'सु' स्वतःच ओळखला, आणि कितीतरी वेळ पान उलटलंच नाही.

मित्रांनो, आता माझ्या कडा कसरीने खाल्ल्या आहेत. मला नुसतं जपून ठेवू नका. घरात कुणाला वाचता येत नसेल, तर मला घेऊन त्यांच्या शेजारी बसा.