सगळ्या घराचं धनुष्य

एका घराला एकच धनुष्य, असं खालच्या वस्तीचा साहेब कागद वाचून सांगून गेला, तेव्हा आमच्या घरात तीन होती. डोंगरावरचं गाव रिकामं करून आम्हाला नू नदीच्या काठी सहा मजली इमारतीत नेणार होते. तिथे डुकरं चालणार नाहीत, चूल चालणार नाही, आणि धनुष्य एकच, तेही नंबर ठोकून. बाकीची वस्तीच्या सभागृहात जमा करायची. शिकार बंद होऊन कित्येक वर्षं झाली होती, धनुष्य उरलं होतं ते नवीन वर्षाच्या सणाला अंड्यावर नेम धरण्यापुरतं. तरी आम्हा लिसू लोकांच्या घरात धनुष्य म्हणजे काय, हे त्या साहेबाला कोण समजावणार?

आमचं धनुष्य आडवं असतं. लाकडी दांड्यावर बसवलेलं. दांडा पोटाला टेकवायचा, दोन्ही हातांनी दोरी ओढून खाचेत अडकवायची आणि मग कळ दाबली की बाण सुटतो. कळ कुणीही दाबेल. माणूस कळतो तो दोरी ओढताना.

सगळ्यात मोठं धनुष्य माझ्या सासऱ्यांचं, खेंगफांचं. रानतुतीच्या लाकडाचं, चुलीवरच्या धुरानं काळंभोर झालेलं. त्यानं त्यांनी अस्वल पाडलं होतं आणि ते अस्वल दरवर्षी सांगताना थोडं वाढायचं. मधलं माझ्या नवऱ्याचं, फुयीचं. तिसरं अगदी हलकं, माझे दीर दंगसा भावजी आठ वर्षांचे असताना मामंजींनी त्यांना करून दिलेलं.

लग्न होऊन मला या घरात चौदा वर्षं झाली होती. बाणाला लावायचं बचनागाचं विष मी वाटलं, तागाची दोरी मी वळली, मांस मी धुरावर सुकवलं. पण मामंजींच्या धनुष्याला हात लावायचा नाही. बाईचा हात लागला की नेम जातो म्हणे. माहेरी मी भावांच्या बरोबरीनं बाण मारायचे, आणि इथे येऊन नुसती दोरी वळत बसले. ते मी कधी विसरले नाही, उगाच कशाला नाकारू?

निवड करायला मक्याच्या खळ्यावर सगळे जमलो. मीच आधी म्हटलं, "घरातल्या सगळ्यांना ओढता येईल तेच न्यायचं. तुम्ही दोघं भाऊ आठ-आठ महिने शहरात बांधकामावर. मागं उरणार मी, आपली पोर नाये आणि मामंजी. ते अस्वलमारं मग ओढणार कोण? की भिंतीला टांगून रोज त्याच्यापुढे हात जोडायचे?"

"वहिनीलाच वस्तीची साहेबीण करा," भावजी म्हणाले.

"करा की. तुमच्यापेक्षा बरी चालवीन."

मग एकेकानं ओढून पाहिलं. मामंजींचं धनुष्य फुयीनं कसंबसं खाचेपर्यंत नेलं, त्याचे कान लाल झाले. भावजींनी अर्ध्यावर आणून सोडलं आणि दोरी ओली आहे म्हणाले. माझ्या हाताला ती हलली नाही. नाये माझी अकरा वर्षांची पोर, ती तर दोरीला लोंबकळलीच. मधलं धनुष्य मला ओढता आलं, नायेला नाही. आणि हलकं सगळ्यांना आलं. नायेनं ते ओढून समोरच्या भोपळ्यात बाण बसवला आणि माझ्याकडे पाहिलं. तिथेच माझं ठरलं.

मामंजी ओट्यावर बसून सगळं बघत होते. भावजींनी हलकं धनुष्य त्यांच्यापुढे धरलं. "बाबा, तुम्हीही ओढा, म्हणजे झालं."

त्यांनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत दिलं. "हे मी पोरासाठी केलं होतं."

"आता घरासाठी," मी म्हटलं.

"आणि मी गेल्यावर माझ्या डोक्याशी काय लावणार?"

आमच्यात पुरुष गेला की त्याचं धनुष्य दोरी कापून थडग्याच्या डोक्याशी टांगतात. पुढच्या वाटेवर पूर्वज अडवतात, कोण तू म्हणून विचारतात, तेव्हा ते दाखवायचं असतं. आणि ज्याच्या हातानं धनुष्य ओढलं गेलं त्याच्याच डोक्याशी ते लागतं, दुसऱ्याचं उसनं चालत नाही.

"लपवून ठेवू या का?" फुयी हळूच म्हणाला. "पोत्यात बांधून नेऊ."

"आणि सापडलं तर?" मी म्हटलं. "खोल्यांच्या यादीतून नाव कापतील. मग बसा डोंगरावर अस्वलाची गोष्ट ऐकत."

"नीदू," नवरा म्हणाला, "जरा तोंड आवर."

मामंजी मात्र चिडले नाहीत. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "घर सुनेला चालवायचंय. ती म्हणेल ते न्या." सगळा भार माझ्या डोक्यावर टाकून ते उठून गेले. मला इतका राग आला की मी त्याच संध्याकाळी दोन्ही धनुष्यं गोणपाटात गुंडाळली. दुसऱ्या दिवशी ती जमा झाली, आणि हलक्यावर पितळी नंबर ठोकला गेला.

इमारतीत आमची खोली चौथ्या मजल्यावर. दोघं भाऊ कामावर निघून गेले. मामंजी विजेच्या शेगडीपुढे बसायचे आणि तिच्यात धूर नाही म्हणून कुरकुरायचे. मी आणि नाये रोज दुपारी मागच्या भिंतीशी नेम धरायचो. पोरीचा हात बसत गेला, माझा परत आला. खोटं कशाला सांगू, लग्नानंतर इतकी खुशीत मी कधीच नव्हते. शेजारणी नाकं मुरडायच्या, मुरडू देत म्हणायचे.

थंडी सुरू झाली तेव्हा एके दुपारी बाजारातून आले, तर मामंजी गॅलरीत उभे. दांडा पोटाला लावलेला, दोन्ही हातांत दोरी. त्यांचे खांदे कधीच गेले होते, त्या पोरासोरांच्या धनुष्यालाही त्यांचे हात लटपटत होते. पण त्यांनी ओढलं. दोरी खाचेत अडकली. मग वळून त्यांनी मला पाहिलं, आणि मला वाटलं आता ओशाळतील. तसं काही झालं नाही.

"पाहिलंस ना?" ते म्हणाले.

"पाहिलं."

"मग झालं. वेळ आली की कुळातल्यांना सांग. तूच आहेस सांगायला." दम लागल्यामुळे ते खाली बसले. "इतकं काही वाईट केलं नव्हतं मी हे. हलकं आहे, पण सरळ आहे."

मी त्यांना मक्याची पेज दिली. त्या दिवशी मला त्यांची दया आली होती, हेही खरं.

नवीन वर्षाच्या सणाला नऊ दिवस उरले असताना मामंजी गेले. दोघं भाऊ धावत आले. आल्याआल्या सभागृहात जाऊन त्यांनी बापाचं धनुष्य मागितलं. साहेब माणूस वाईट नव्हता, त्यानं चहा दिला, पण म्हणाला, ते आता यादीवर चढलंय, काचेच्या कपाटात लागलंय, वरून कागद आल्याशिवाय काढता येत नाही. कागदाला महिना तरी लागेल. पाहिजे तर फोटो काढून घ्या.

प्रेत काय महिनाभर थांबणार होतं?

डोंगरावर जुन्या जागी खड्डा खणला. कुळातले थोरले, लाचू काका, विधी करायला आले. भावजींनी घरचं हलकं धनुष्य त्यांच्यापुढे ठेवलं. "हे लावू या काका. बाबांनीच केलेलं आहे."

"केलं असेल. अर्ध्या गावाची धनुष्यं त्यानं केली," काका म्हणाले. "ओढलं होतं का?"

फुयीनं मान खाली घातली. "खळ्यावर दिलं होतं आम्ही त्यांच्या हातात. नाही ओढलं."

काका माझ्याकडे वळले. "सूनबाई, घरात त्याच्याजवळ तूच होतीस. एकदा तरी ओढलं का त्यानं? एकदा ओढलं असलं तरी पुरे. नीट आठवून सांग."

आठवायचं काय होतं त्यात? काकांच्या हातात सुरी होती, दोरी कापायला काढलेली. माझ्याशेजारी नाये उभी होती, आणि तिची नजर आजोबांच्या शवपेटीवर नव्हती, त्या सुरीवर होती. एका घराला एक. हे गेलं तर दुसरा नंबर मिळणार नव्हता. मग पुन्हा मी दोऱ्या वळणार, पोरगीही दोऱ्या वळणार. आणि मामंजींच्या तोंडून बाईचा हात, बाईचा हात, असं चौदा वर्षं ऐकलेलं माझ्या कानात होतं.

"नाही," मी म्हटलं. "कधीच नाही ओढलं."

"खरं बोललीस," काका म्हणाले. "दुसरी असती तर सासऱ्यासाठी खोटं बोलली असती." त्यांनी सुरी म्यानात घातली. माती लोटली गेली. डोक्याशी नुसता खांब रोवला, धनुष्य टांगायचा, त्याच्यावर काहीच नव्हतं. भावजी पोरासारखे रडले. माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही आणि लोकांना वाटलं मी धीराची आहे.

नवव्या दिवशी सण. सभागृहासमोरच्या मैदानात घरांच्या स्पर्धा होत्या. फुयी, भावजी, मी आणि नाये, चौघांनी एकाच धनुष्यानं बाण मारले. नायेनं अंडं फोडलं. मी नेमासाठी टांगलेल्या तांदळाच्या भाकरीच्या मधोमध बाण घातला आणि मला आनंद झाला, अंगभर झाला, तो काही केल्या आवरेना.

साहेबानं माइक हातात घेतला. "बघा, एक धनुष्य आणि सगळं घर," तो म्हणाला. "या घरात असा एकही माणूस नाही ज्याला हे धनुष्य ओढता आलं नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. फुयीनं माझ्याकडे पाहिलं, मग मान फिरवली. साहेब खरंच बोलत होता, आणि हे तिथे फक्त मला माहीत होतं.