जग संपल्यानंतरचं टेबल

आमच्या वाचनालयात एक पद्धत आहे आणि ती मीच पाडली आहे. शिफारशीच्या पुस्तकात चिठ्ठी ठेवायची, पण आत काय आहे ते तिच्यावर लिहायचं नाही. ते कोणी वाचावं, एवढंच लिहायचं. गोष्ट काय, मलपृष्ठावर असतेच. माणूस आणि पुस्तक यांची गाठ घालून देणं हे खरं काम, आणि त्यात माझा हात धरणारं कोणी नाही, असं मी परवापरवापर्यंत समजत होते.

यंदा नव्या कादंबऱ्या आल्या त्या बहुतेक जग संपल्यानंतरच्या. कुठे समुद्र गावात शिरलाय, कुठे रोगानं माणसं गेलीत, कुठे नुसताच अंधार. तरुण मंडळींच्या त्यांवर उड्या पडायला लागल्या, म्हणून दाराजवळ वेगळं टेबलच मांडलं. समुद्राच्या पुस्तकात चिठ्ठी टाकली, 'घर बदलायचंय पण धीर होत नाही, त्यांनी वाचावं.' अंधाराच्या पुस्तकात, 'ज्यांच्या हातातून फोन सुटत नाही त्यांनी.' ते एका वडिलांनी मुलीसाठी म्हणून नेलं आणि स्वतःच वाचत बसले. तिसरं मात्र जड होतं. रोगातून वाचलेली एक बाई, मेलेल्या नवऱ्याची पावाची भट्टी, आणि ती पेटवायला शिकणं, बस. मी ते एका बैठकीत संपवलं आणि घरी जाऊन सगळ्यांची तोंडं नीट पाहून घेतली. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं, 'ज्यांच्या घरातली माणसं शाबूत आहेत, त्यांनीच वाचावं.'

लिहिताना डोळ्यांसमोर माझी थोरली बहीण होती.

ताई आणि भाऊजींचं कपडे शिवायचं दुकान. भाऊजी कापायचे, ताई शिवायची, संसारभर हीच वाटणी. भाऊजी म्हणजे एक घाव दोन तुकडे, बोलण्यात काय आणि कापडात काय. ते गेले आणि ताईनं मशीन झाकलं ते झाकलंच. "कापणारा गेला, शिवणारीनं काय करायचं?" एवढंच म्हणायची. शेजारचा चपलांचा दुकानदार जागेवर टपलेला होता. सोमवारी त्याला किल्ल्या द्यायचं तिनं कबूल करून टाकलं. दुकान गेलं की ताई घराचा एक कोपरा धरणार आणि पुन्हा उठणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. माझ्या जिवाला घोर लागला होता. मी तिला हलकीफुलकी पुस्तकं पोचवत होते, विनोदी, प्रवासाची, एक तर नुसतं मांजरांचं. सगळी न उघडता परत यायची.

त्या आठवड्यात ती परत करायला स्वतःच आली. मी आतल्या कपाटाशी होते. वळून बघते तर ती दाराजवळच्या टेबलापाशी उभी, एका हातात नेमकं तिसरं पुस्तक, दुसऱ्या हातात चिठ्ठी.

"हे तू लिहिलंस?"

"ताई, ठेव ते. तुझ्यासाठी नाहीये."

"दिसतंय की. माझ्या घरातलं माणूस शाबूत नाही."

"तसं नव्हतं गं म्हणायचं मला."

"मग कसं होतं?"

ताईनं पुस्तक पिशवीत टाकलं आणि नोंद न करताच निघून गेली. एरवी नोंदीवाचून पुस्तक नेणाऱ्याला मी फाटकापर्यंत गाठते. त्या दिवशी साधी हाकही मारली नाही.

पुढे माझं मन मलाच खात राहिलं. फोन केला की ती "वाचतेय" म्हणून ठेवून द्यायची. सोमवार उजाडला. दुपारी ताई आली, किल्ल्यांचा जुडगा अजून तिच्याच बोटात होता.

"तुझी चिठ्ठी चुकली," ती म्हणाली.

"मला कळलंय. मी खरंच..."

"माफी नको मागूस, ऐक. हे गेल्यापासून जो तो मला सांगतोय, काही संपलेलं नाही, धीर धर. तूही त्यातलीच. मांजरं पाठवतेस! या पुस्तकानं पहिल्याच पानावर सांगून टाकलं, संपलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, कोणीतरी खरं बोललं. आणि बघते तर पुढे सगळं पुस्तक शिल्लक."

मला रडू फुटलं. तिला नाही फुटलं.

"ती बाई किती पाव करपवते गं," ताई म्हणाली. "आणि लोक खातात. पोटात भूक असते ना."

तिनं माझ्याच टेबलावरचं माझंच पेन उचललं, चिठ्ठीवरची माझी ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'ज्यांचं संपलंय त्यांनी आधी. बाकीच्यांनी रांगेत थांबावं.' मग पिशवीतून भाऊजींची माप घ्यायची टेप काढली. खडूनं पांढरी पडलेली, मी लगेच ओळखली.

"ये इकडे. सरळ उभी राहा."

"इथे? लोक बघतायत."

"बघू देत. मी जन्मात कापडाला कात्री लावलेली नाही. पहिला शर्ट बिघडणारच. मग परक्याचा कशाला बिघडवू?"

मी हात पसरून उभी राहिले. टेप पाठीवरून फिरली, घसरली, ताईनं पुन्हा धरली आणि आकडा स्वतःशीच पुटपुटली. पुस्तकं बदलायला आलेली माणसं रांगेत थांबली.