माशांकडे पाठ

काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात त्यांचं काम एकच होतं, बघणं. पांढऱ्या दिव्यासमोरून बाटल्यांची रांग सरकायची आणि हे खुर्चीत बसून एकेकीच्या पोटात डोकावायचे. बुडबुडा असो, चीर असो, वाकडी मान असो, यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. म्हणून सगळे त्यांना भिंग म्हणत. निवृत्तीनंतर इमारतीतली मंडळी भिंगकाका म्हणू लागली. यात आपली थट्टा आहे असं काकांना कधी वाटलं नाही. पदवी मिळाल्यासारखे ते ओ देत.

त्यांच्या खुर्चीच्या जागी आता कॅमेरा बसला होता. कॅमेरा चहा पीत नाही आणि रजा मागत नाही, असं निरोपाच्या भाषणात मॅनेजर म्हणाले, तेव्हा काकांनी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. पण घरी आल्यावर एवढ्या धार लावलेल्या डोळ्यांचं करायचं काय, हा प्रश्न उभा राहिला, आणि तो आधी काकूंवर येऊन कोसळला.

काकू घरीच शिवणकाम करायच्या. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी मशीन, कोपऱ्यात पडदा लावून कपडे घालून बघायची जागा, समोर माणसाएवढा आरसा. काका सकाळचा चहा झाला की तिथे येऊन बसत, तयार झालेली पँट उचलत आणि उजेडासमोर धरत.

"हा टाका जरा डावीकडे गेलाय."

"आतल्या बाजूचा आहे तो," काकू म्हणत.

"मला दिसला."

"तुम्हाला दिसणारच. पँट घालणारा माणूस आत डोकं घालून बघत नाही."

काकूंनी हे गाऱ्हाणं परगावी राहणाऱ्या लेकीला फोनवर सांगितलं. लेक आईसारखीच व्यवहारी. "बाबांना बघायला दुसरं काहीतरी दे," ती म्हणाली आणि तिने वाढदिवसाचं निमित्त करून भलीमोठी फिशटँक पाठवून दिली. काच नवी, कडा सफाईदार. काकांनी ती चारही बाजूंनी तपासली, कुठेही बुडबुडा सापडला नाही, आणि ते थोडे हिरमुसलेच.

सहा मासे मात्र त्यांनी स्वतः निवडले. दुकानात लाल, नारिंगी, निळ्या रेघांचे डिस्कस होते, बशीसारखे गोल आणि चपटे, आणि चालीत असा तोरा की जणू टँकचं भाडं आपणच भरतो. काकांना ते बघताक्षणी आवडले. दुकानाचा मालक, टँकवाला, म्हणाला, "काका, हे मासे दिसायला राजे, पण काळीज सशाचं. नव्या घरात घाबरतात. पाणी नीट कोमट ठेवा, पहिल्या दिवशी दिवा नको, खाणं नको. काचेवर टकटक नको. आणि मुख्य म्हणजे त्यांना त्यांचं त्यांचं राहू द्या."

पहिल्या सगळ्या सूचना काकांनी डोळ्यांत तेल घालून पाळल्या. पिशव्या टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, वाटी-वाटीने नवं पाणी जुन्यात मिसळलं, आणि मग एकेक मासा असा अलगद सोडला की काकूंनाही कौतुक वाटलं. लेकीला पहिल्यांदा उचलताना याच माणसाचे हात थरथरले होते, हे त्यांना ठाऊक होतं. शेवटची सूचना तेवढी काकांच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून निघून गेली.

सहाही मासे पाण्यात पडल्या पडल्या काळवंडले. रेघा दिसेनात, नारिंगीचा चहाच्या चोथ्यासारखा रंग झाला, आणि सगळेच्या सगळे टँकमधल्या लाकडाच्या मुळीमागे एकमेकांना चिकटून उभे राहिले.

"नवीन आहेत," काका म्हणाले. "रुळतील."

पण ते रुळतायत की नाही, हे बघायला नको का? काकांनी टँकसमोर स्टूल मांडलं. दिवा लावायचा नव्हता म्हणून टॉर्चला तपकिरी कागद गुंडाळला. टॉर्चने अंग दिसायचं पण पर नीट दिसेनात, म्हणून कपाटातून कारखान्यातलं भिंग काढलं. मासा मुळीच्या डाव्या बाजूला सरकला की काका स्टूल घेऊन डावीकडे, उजवीकडे सरकला की उजवीकडे. उभ्या आयुष्यात बाटलीने कधी त्यांच्याकडे पाठ फिरवली नव्हती. जास्त बघितल्याने एखाद्या गोष्टीचं बिघडतं, ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात शिरणं शक्य नव्हतं.

मासे घाबरतात ते आवाजाला, असा निर्णय झाला. मग घरात फर्मानं सुटली. मिक्सर बंद. चपला दाराबाहेर. दाराच्या बेलवर मोजा चढला. आणि मशीन, काकूंचं मशीन, तेही बंद.

"मशीन बंद म्हणजे?" काकूंनी विचारलं.

"दोन-चार दिवसच. त्याची थरथर जमिनीतून जाते."

"आणि माझी गिऱ्हाइकं कुठून जातील?"

गिऱ्हाइकं आली, पण मांजराच्या पावलांनी. पलीकडच्या गल्लीतल्या नर्सबाई कोटाचं माप द्यायला आल्या, तर काका ओठांवर बोट ठेवून समोर उभे. बिचाऱ्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "घरात कुणी आजारी आहे का?"

"सहा जण," काकूंनी तितक्याच हळू आवाजात सांगितलं.

हसण्यावारी नेण्याची गोष्ट मात्र ती राहिली नाही, कारण मासे खाईनात. फ्रीजमध्ये बर्फाच्या ट्रेशेजारी गोठवलेल्या अळ्यांच्या वड्या आल्या होत्या. त्या काकूंनी नाक मुरडून का होईना, ठेवून घेतल्या होत्या. काका रोज एक वडी वितळवून पाण्यात सोडत, स्टुलावर बसत, आणि एकूण एक अळी तळाला जाऊन पडताना बघत. मग नळीने सगळं शोषून काढत. पाणी तपासलं, उत्तम. उष्णता तपासली, उत्तम. बाटली असती तर डोळे मिटून पास केली असती. आणि आत मासे दिवसागणिक रोडावत होते. डोळ्यांच्या वरचा भाग खोलगट दिसू लागला होता.

शेवटी त्यांनी टँकवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "एवढे दिवस उपाशी म्हणजे बरं नाही, काका. मी रविवारी येतो. तोवर तोंड लावलं तर ठीक. नाहीतर मी परत घेऊन जातो, माझ्याकडे जुन्या माशांत सोडले तर कदाचित वाचतील. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

"छे, वाईट कसलं," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. त्यांना वाईट वाटलं होतं. फार वाईट वाटलं होतं. कारखान्याला त्यांची गरज उरली नव्हती, लेक आपल्या संसारात होती, बायकोचं शिवणकाम त्यांच्यावाचून तीस वर्षं चाललं होतं. हे सहा जीव तेवढे त्यांच्या भरवशावर होते, आणि तेही आता न जेवता निघून जाणार होते.

शनिवारी काकूंनी त्यांना केस कापायला पिटाळलं. जाता जाता काका तीनदा मागे वळले. "मशीन लावू नकोस," म्हणाले.

काकूंनी दार लागल्याबरोबर मशीन लावलं. नर्सबाईंचा कोट रखडला होता, आणि सहनशीलतेलाही काही शिवण असते, ती कधीतरी उसवतेच.

काका परत आले तेव्हा जिन्यातच त्यांना मशीनची घरघर ऐकू आली. त्यांनी रागाने दार ढकललं, आणि फटीतून आत बघून तिथेच थबकले. टँकच्या मधोमध सहाही मासे होते. उघड्यावर. नारिंगी नारिंगी होता, निळ्याच्या रेघा निळ्या होत्या, आणि एक लाल तर चक्क काचेपाशी येऊन काकूंच्या पायाची हालचाल न्याहाळत होता. काकूंचं लक्ष कोटाच्या बाहीवर होतं.

काकांनी एक पाऊल आत टाकलं. मासे क्षणात मुळीमागे गेले आणि काळे पडले.

"मशीन बंद कर," ते म्हणाले, पण सवयीने. आवाजात जोर नव्हता.

"मशीन चालू होतं तेव्हाच बाहेर आले होते," काकू मान न वळवता म्हणाल्या. "तुम्ही गेलात की येतात. रोज येतात, तुम्ही आंघोळीला जाता तेव्हासुद्धा."

दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबायची काकांना सवय नव्हती. ते बाहेर गेले, दाराच्या फटीला डोळा लावून उभे राहिले. काही वेळाने मासे आले. काका आत शिरले, मासे पळाले. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. जिन्यातून जाणाऱ्या शेजाऱ्याने विचारलं, "चावी हरवली का?" चोख तपासणी झाली होती, दोष सापडला होता, आणि दोष ते स्वतः होते.

ते स्टुलावर बसले. मग उठले आणि स्टूल टँकपासून लांब नेऊन बसले.

"मी काय केलं त्यांना? बोटसुद्धा लावलं नाही."

"बघितलंत," काकू म्हणाल्या. "सकाळपासून रात्रीपर्यंत. अति तिथे माती, अहो."

"बघायचं नाही तर सांभाळायचं कसं?"

काकूंनी मशीन थांबवलं. "माझ्याकडे बाई नवा कपडा घालून पडद्याबाहेर येते ना, आरशासमोर उभी राहते, तेव्हा मी काय करते सांगा."

काकांना आठवेना. इतकी वर्षं घरात राहून त्यांनी ते कधी बघितलं नव्हतं.

"मी टाचण्या शोधते. डबा समोर असला तरी पाठ फिरवते आणि शोधते. माणूस आरशात आधी अंग चोरून उभा असतो. मग कुणी बघत नाहीसं झालं की खांदे सैल सोडतो, एखादी गिरकीसुद्धा घेतो. मग मी वळते. टक लावून बसले असते तर एकही गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आलं नसतं."

काकूंनी कोट घडी घालून बाजूला ठेवला आणि जरा थांबून, चेष्टेचा सूर न सोडता म्हणाल्या, "मासे निदान मुळीमागे जातात. मला या खोलीत लपायला एक मुळीसुद्धा नाही."

काकांनी आधी खिडकीजवळच्या मशीनकडे बघितलं आणि मग काकूंकडे. त्यांच्या डोळ्यांखाली काळं दिसत होतं. ते आजचं नव्हतं. काकांना शरम वाटली, आणि ती त्यांनी गिळली नाही. "चुकलंच माझं," ते म्हणाले.

"चुकलं तर चुकलं. उद्या सकाळी मी सांगेन तिथे बसायचं."

रविवारी सकाळी काकूंनी स्टूल मशीनशेजारी ठेवलं, तोंड भिंतीकडे आणि टँककडे पाठ. काकांच्या मांडीवर एक जुना झगा आणि हातात टाके उसवायची छोटी सुरी दिली. बेलवरचा मोजा काढला. मशीन सुरू केलं. मग वितळलेली वडी पाण्यात सोडून त्या आपल्या जागी येऊन बसल्या. त्यांना तिथून टँक तिरकी दिसत होती.

काका उसवू लागले. कान टवकारलेले, मान ताठ. थोड्या वेळाने मान आपोआप वळू लागली.

"अहं," काकू म्हणाल्या.

मान परत भिंतीकडे गेली.

"आले का?"

"लाल आलाय. नारिंगी त्याच्या मागे. रंग चढतोय."

"खातायत?"

"उसवा तुम्ही."

त्यांनी आणखी चार टाके उसवले. एकदा सुरी चुकून कापडात गेली आणि ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या चिरा काढल्या त्याने झग्याला स्वतःच एक चीर पाडली. काकूंनी ती बघितली आणि काहीही म्हटलं नाही. काकांच्याही ते लक्षात आलं. त्यांना वाटलं, न बोलणं हेही किती मोठं काम असतं.

मशीन थांबलं.

"अहो," काकूंचा आवाज अगदी हळू झाला. "लालने तोंड लावलं. थुंकली अळी. परत घेतली. गिळली."

काकांचे हात झग्यावर तसेच राहिले. "बाकीचे?"

"निळे दोघे भांडतायत एका अळीवरून. नारिंगी खाली टिपतोय. सगळे खातायत. बघा आता, वळा हळूच."

काका वळले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते आणि समोरची भिंतसुद्धा त्यांना धड दिसत नव्हती.

"राहू दे," ते म्हणाले. "तू बघतेयस ना? सांग नुसतं."

काकू सांगत राहिल्या. कुठला कुठे गेला, कुणी कुणाला ढकललं, कोण पाण्याच्या वरच्या थरापर्यंत येऊन गेला. काका ऐकत होते आणि अगदी हळू, एकेक टाका उसवत होते.

बेल वाजली. दारात टँकवाला उभा होता, एका हातात झाकणाची बादली, दुसऱ्यात जाळी. तो हलक्या पावलाने आत आला आणि भिंतीकडे तोंड करून बसलेल्या काकांच्या खांद्यावर त्याने धीराचा हात ठेवला.

"काय, काका? खाल्लं का काही?"

"मी अजून बघितलेलं नाही," भिंगकाका म्हणाले. "हिला विचारा."