मी, पैरीच्या डोहातली डोंगी

मी डोंगी आहे. लाकडाची नाही, पत्र्याची. हे आधीच सांगून टाकते, कारण या नदीवरची माणसं मला पहिल्यांदा पाहतात तेव्हा बोटांनी वाजवून बघतात आणि टण्ण आवाज आला की हसतात. हसू देत. माझा जन्म नदीकाठी झालाच नाही. तो झाला भिलाईत, सेक्टर सहामधल्या एका क्वार्टरच्या मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या तारेखाली.

मला घडवणारा कवडू रामटेके. भंडाऱ्याकडचा माणूस. तरणा असताना स्टील प्लांटमध्ये वेल्डर म्हणून लागला आणि तिथेच म्हातारा झाला. रिटायर होऊन घरी आला तेव्हा हात शाबूत होते, कान मात्र प्लांटमध्येच राहिले होते. सारा जन्म लोखंडावर लोखंड आपटण्याच्या आवाजात गेला, त्यामुळे त्याला आता जवळजवळ काहीच ऐकू येत नसे. लेकीनं, आम्रपालीनं, हैदराबादहून कानाचं मशीन पाठवलं होतं. ते त्यानं दोन दिवस लावलं आणि कपाटात ठेवून दिलं. "साऱ्या जगाची खडखड कानात घुसते," म्हणाला, "अन् माणसाचं बोलणं तेवढं येत नाही."

त्याची बायको ललिता. तिचा आवाज मोठा होता. पण तो जन्मतः तसा नव्हता, नवऱ्यासाठी वाढवावा लागला होता. भाजीत मीठ आहे का, हेसुद्धा तिला ओरडून विचारावं लागे. शेजारच्यांना वाटे, यांच्याकडे रोज भांडण होतं. एकदा ओरडून सांगितलं तर सांगितलं, दुसऱ्यांदा त्यानं "काय म्हणते?" असं विचारलं की ती हात झटकून म्हणे, "काही नाही." अंगणात पडल्या पडल्या मी हे "काही नाही" इतक्या वेळा ऐकलं की मला वाटायचं, नवरा-बायकोत असंच बोलतात.

कवडूनं पत्रा आणला, कापला, वाकवला, जोडला. दोन्ही टोकांना हवेच्या बंद पेट्या बसवल्या, म्हणजे पाणी आत आलं तरी मी बुडू नये. येणारे-जाणारे सायकल थांबवून विचारत, "रामटेके, इथं नदी कुठाय?" त्याला ऐकू येत नसे, म्हणून त्याचं काम थांबत नसे. लहानपणी तो वैनगंगेत डोंगीतून फिरला होता आणि एकदा तरी जंगलातल्या नदीवर, जिथे रस्ताच जात नाही अशा जागी, डोंगीनं जाऊन राहायचं त्याच्या मनात होतं. मरोदा तलावावर मला पहिल्यांदा पाण्यात सोडलं तेव्हा एका सांध्यातून पाणी शिरलं. त्यानं मला घरी आणून तो सांधा पुन्हा जोडला. त्याआधीच काठावर उभी असलेली ललिता ओरडून सांगून मोकळी झाली होती, "मी नाही येत यात. मले नळाचं पाणी पुरे आहे!"

पण ती आली. पोहता येत नव्हतं, पाण्याची धास्ती होती, तरी आली. डबे भरता भरता फोनवर लेकीला म्हणाली, "ज्याले वाघ ओरडला तरी आयकू येत नाही, अशा माणसाले जंगलात एकटं कसं सोडू, सांग बरं?"

डिसेंबरात मला टेम्पोवर बांधलं. राजिम मागे पडलं, गरियाबंद मागे पडलं, मग साल वृक्षांचं जंगल सुरू झालं आणि पैरी नदीकाठच्या शेवटच्या गावात टेम्पो थांबला. तिथे नरेश नावाचा मासेमारी करणारा केवट भेटला. वन खात्याचा कागद आणि सरपंचाचा होकार असल्यामुळे त्यानंच जागा सुचवली: वरच्या अंगाला, मोठ्या डोहाच्या कडेची वाळू. पायवाट नाही, पाण्यानंच जायचं. जाताना ललितानं त्याला हत्तींचं विचारलं. "हाथी मन ए बछर ओ पार हवंय, दीदी," तो म्हणाला. हत्ती यंदा पलीकडच्या जंगलात आहेत, इकडे नाहीत. तेवढ्यावर ती माझ्यात बसली. दोन्ही कडा तिनं इतक्या घट्ट धरल्या होत्या की तिच्या बांगड्यांचे वण माझ्या रंगावर उठले.

तोवर मला पाणी म्हणजे तलाव एवढंच ठाऊक होतं. तलाव पडून असतो. नदीनं मला खालून उचललं. माझ्या पोटाखालून काहीतरी सतत पुढे चाललं होतं, माझी वाट न पाहता, आणि तरीही मला सोबत घेऊन. दोन्ही काठांचे साल इतके उंच की मधलं आभाळ आणखी एक नदी वाटावी. एका वळणावर धनेश पक्ष्यांची जोडी डोक्यावरून गेली. त्यांच्या पंखांचा आवाज, बापरे, कुणी मोठा भाता चालवावा तसा. ललिता भान विसरून ओरडली, "अजी, वर पाहा!"

तिचा आवाज समोरच्या काठावर आपटून परत आला. झाडांमधली सगळी पाखरं एकदम उठली. धनेश दिसेनासे झाले. कवडूनं वर पाहिलं तेव्हा तिथे काही नव्हतं.

"काय होतं?" त्यानं विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. पण या वेळी हळू. तिला स्वतःच्याच आवाजाची लाज वाटली होती.

पुढचे दोन दिवस तिनं तोंड उघडलंच नाही म्हणा ना. वाळूवर तंबू लागला, तीन दगडांची चूल झाली, कवडूनं गळ टाकून मासे धरले. ती तासन्‌तास माझ्या कडेवर बसून ऐकत राही. पाणी दगडाला वळसा घालताना एक आवाज करतं आणि वाळूवरून जाताना दुसरा. दुपारी जंगल गप्प होतं आणि उन्हं कलली की पुन्हा बोलू लागतं. एवढं सगळं कानावर पडत होतं आणि नवऱ्याला सांगायला तिच्याकडे ओरडण्यावाचून काही साधन नव्हतं. तो अधूनमधून तिच्या चेहऱ्याकडे पाही. एकदा त्यानं विचारलं, "काय आवाज येऊन राहिला, ललिते?" तिनं मान हलवली. तो पुन्हा गळाकडे वळला. ती माझ्यात, तो वाळूवर, आणि मध्ये चार हात पाणी. मला वाटलं, हे पाणी भिलाईपासून यांच्याबरोबर आलेलं आहे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कवडू डोहाच्या वरच्या टोकाला वाळलेली लाकडं वेचायला गेला. चुलीवर भात शिजत होता. ललिता भांडी विसळायला माझ्यात येऊन बसली होती. मी दोरीनं खुंटीला बांधलेली होते. अचानक पाखरं थांबली. मग तंबूमागच्या बांबूच्या बेटात एक कडकड झाली. मग दुसरी.

ललितानं मान वळवली. बांबू हलत नव्हता, बांबूच्या जागी काहीतरी राखाडी हलत होतं. एक हत्तीण बाहेर आली. तिच्यामागे आणखी एक, मग आणखी. एवढं वजन असूनही पावलांचा आवाज नाही. कवडू पाठमोरा होता. वाकून एक ओंडका ओढत होता.

ती त्याला हाक मारणारच होती. तिची छाती श्वासानं भरलेली मला कळली, कारण मी तिच्याखालीच होते. सारा जन्म तिनं याच माणसाला ओरडून बोलावलं होतं. आणि त्या क्षणी तिला समजलं की ओरडलं तर त्याच्याआधी ते ऐकतील.

तिनं तोंडावर हात दाबला. मग दोरी सोडली आणि मला लोटायचा लांब बांबू उचलला.

तिनं आयुष्यात बांबू टेकवून डोंगी लोटली नव्हती. पहिल्यांदा बांबू वाळूत रुतला आणि मी गरकन फिरले. दुसऱ्यांदा ती पडता पडता वाचली. तिसऱ्यांदा तिनं दोन दिवस कवडूला करताना पाहिलेलं आठवून बांबू माझ्या कुशीला धरून मागे रेटला, आणि मी निघाले. पाण्याची धास्ती असलेली ती बाई उभी राहून मला लोटत होती आणि तिच्या तोंडून एक हुंकारही निघत नव्हता. मी जितकं हलकं होता येईल तितकं झाले.

काठाला लागताच ती पाण्यात उतरली, गुडघाभर पाण्यातून गेली आणि मागून कवडूच्या पाठीवर हात ठेवला. तो दचकून वळला. "काय झा—" तिनं त्याच्या तोंडावर तळवा ठेवला आणि दुसरा हात आपल्या नाकापासून खाली सोडून हलवला. त्यानं तिच्या खांद्यावरून पाहिलं. ओंडका त्यानं हळूच, मूल पाळण्यात ठेवावं तसा वाळूवर ठेवला.

ते दोघं माझ्यात बसले आणि कवडूनं मला डोहाच्या मध्याकडे नेलं. काठावर हत्तींनी तंबू तुडवला, भाताचं भांडं उलथलं, मिठाचा डबा फोडून चाटला. मग म्होरकी पाण्याशी आली, सोंड वर करून वास घेतला आणि नदीत उतरली. तिच्यामागे सगळा कळप. त्यांना पलीकडे जायचं होतं, आणि आम्ही बरोबर त्यांच्या वाटेवर होतो.

पाणी फुगलं. एवढी शरीरं उतरल्यावर डोहाचं पाणी उचललं जातं, हे मला तेव्हा कळलं. माझ्या दोन्ही बाजूंनी डोकी आणि सोंडा चालल्या होत्या. मावळतीचा उजेड त्यांच्या ओल्या कपाळांवर होता. ललिता माझ्या तळाशी बसली होती, कवडूचा हात धरून, आणि भीतीनं नाही, खरंच सांगते, भीतीच्या पलीकडे गेल्यासारखी पाहत होती.

इतक्यात एक पिल्लू धारेला लागलं. वाहत आलं आणि माझ्या उजव्या कुशीला अडकलं. त्यानं सोंड वर केली आणि माझी कड धरली. मी कलंडले, आत पाणी आलं. कवडूनं त्याला दूर सारायला बांबू उचलला. ललितानं त्याचं मनगट पकडलं आणि नुसती मान हलवली.

त्याची आई आली. एका क्षणात माझ्याएवढं डोकं माझ्याजवळ होतं. तिनं पिल्लाखाली सोंड घालून त्याला उचललं, आणि तसं करताना तिचा खांदा माझ्या कुशीला लागला. पत्रा आत गेला. तिला धक्का म्हणावा एवढंही ते नव्हतं. मग तिनं सोंड वर आणली. आधी माझ्या कडेवरून फिरवली, मग कवडूच्या गुडघ्यावरून, मग ललिताच्या केसांवरून. ललितानं डोळे मिटले नाहीत.

आणि हत्तीण बोलली.

त्याला आवाज म्हणवत नाही. तो इतका खाली होता की ललितालाही नीट ऐकू आला नाही. पण माझा सगळा पत्रा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, गुणगुणू लागला. कवडूचे अनवाणी पाय माझ्या तळाला होते. त्यानं खाली पाहिलं. दोन्ही तळहात पत्र्यावर टेकवले. पलीकडच्या काठावरून म्होरकीनं उत्तर दिलं, तेही माझ्यातून गेलं. कवडूचा चेहरा मी विसरणार नाही.

"मले आयकू येऊन राहिलं," तो म्हणाला. कुजबुजत. त्याला कुजबुजता येतं हे ललितालाही माहीत नव्हतं.

हत्तीण पिल्लाला घेऊन गेली. कळप समोरच्या सालांमध्ये शिरला आणि एवढाल्या शरीरांमागे जंगल पडद्यासारखं मिटलं.

रात्र माझ्यातच काढून सकाळी दोघांनी वाळूवर जाऊन तंबू पाहिला. जिथे त्यांची अंथरुणं होती तिथे परातीएवढं पाऊल उमटलं होतं आणि त्यात पाणी साचलं होतं. कवडू त्याच्या कडेला उकिडवा बसला.

"जंगलातून येताना कसा आवाज आला होता वं त्यांचा?" त्यानं विचारलं.

ललिता त्याच्याजवळ बसली. त्याचा हात घेतला आणि त्याच्या तळव्यावर बोटांनी बांबूची कडकड वाजवून दाखवली. मग पाखरं कशी थांबली ते, हात नुसता स्थिर ठेवून. मग धनेशाचे पंख. पाणी दगडाला वळसा घालतं तो आवाज. दोन दिवसांचं सगळं तिनं त्याच्या तळव्यावर सांगितलं, आणि तो प्रत्येक वेळी म्हणत होता, "अजून सांग. अजून."

पुढे दरवर्षी आम्ही आलो. त्या वाळूवर कधी राहिलो नाही. ती हत्तींची वाट होती. बांबू मात्र ललिताच धरायची, आणि कवडू पुढे बसून तळहात माझ्यावर ठेवायचा.

मग क्वार्टर सोडायची वेळ आली. दुर्गला, मोहन नगरात, तिसऱ्या मजल्यावर त्यांनी घर घेतलं. मला ठेवायला जागा नव्हती. भंगारवाल्यानं मला बोटांनी वाजवलं आणि वजनाचा अंदाज बांधला. कवडू आत गेला. ललिता अंगणात उभी राहिली. "भाऊ, तुमी जा," ती म्हणाली. "थे तिच्या गावाले जाणार आहे."

असं मला गाव मिळालं. आता मी नरेशची आहे. त्याची आई तुळसाबाई माझ्यातून पलीकडे जाते, शाळेचा मास्तर जातो, एकदा एक बाळंतीणही गेली. हिवाळ्यात दोन म्हातारी माणसं बसनं येतात आणि नरेश त्यांच्या हाती बांबू देऊन काठावर थांबतो. माझा रंग उडाला आहे, तळाशी गंज धरला आहे. तुमच्यापैकी कुणाच्या हाताला ते काम येत असेल तर गंज खरवडा, रंग द्या, मी आभार मानीन.

फक्त उजव्या कुशीतला पोचा ठोकून सरळ करू नका. तिथे या जंगलानं मला एकदा हात लावून पाहिलं आहे, आणि जाऊ दिलं आहे.