बसून खाणारी सासू

प्रेमिलाची सासू वाळत चालली होती आणि सगळी कॉलनी प्रेमिलाकडे बोट दाखवत होती. अंजनाबाईंच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या, पोलकं अंगावर लोंबायचं. मुलगा देवराव कोराडीच्या वीज केंद्रात फिटर, घरात कशाची ददात नाही, मग म्हातारीच्या अंगाला का लागत नाही? शेजारच्या कांताबाई नळावर भेटल्या की मुद्दाम विचारायच्या, सासूबाई जेवल्या का म्हणून. जशी काही फार काळजीच लागली होती बाईला! प्रेमिलाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

अशात नागपूरहून शोभाताई आल्या. त्या गृहविज्ञान कॉलेजात शिकवायच्या आणि म्हाताऱ्या माणसांना रोज किती अन्न लागतं, हे घरोघरी जाऊन तपासत होत्या. प्रेमिलानं त्यांना हाताला धरूनच घरात आणलं. सून पोटभर घालते, हे एवढ्या शिकलेल्या बाईच्या तोंडून निघालं की कांताबाईंचं तोंड बंद. शोभाताईंनी ताटातली भाकर, वरण, भाजी सगळं तराजूत घातलं. अंजनाबाई तोंड फिरवून बसल्या. खाणाऱ्याचं मोजू नये, दृष्ट लागते, असं पुटपुटल्या. दिवसभर काय काम करतात, असं विचारल्यावर प्रेमिला ठसक्यात म्हणाली, की मी त्यांना इकडची काडी तिकडे करू देत नाही, बसूनच असतात. सासूला राबवते, हे बोलणं तिला मुळीच ऐकायचं नव्हतं.

शोभाताईंनी हिशेब केला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. बसून असणाऱ्या बाईला एवढं अन्न भरपूर होतं; उलट अंग सुटायला हवं होतं. उद्या संध्याकाळी परत येते म्हणाल्या. जाताना त्यांनी प्रेमिलाकडे जरा रोखून पाहिलं. आपली पाठ फिरल्यावर ही ताट काढून घेते की काय, हेच होतं त्या बघण्यात. प्रेमिला समजायचं ते समजली.

मग तिचा संशय सासूवरच गेला. समोर जेवतात, मग जातं कुठं? दुपारी जरा जुन्या मैत्रिणीकडे, भीमाबाईकडे बसून येते म्हणत म्हातारी रोज बाहेर पडायची. तिथं जाऊन आपल्या नावानं रडते, आणि पदराखालून भाकरीही नेत असेल! देवरावला नोकरी लागेपर्यंत ही बाई जन्मभर बांधकामावर रेजाकाम करत आली, घमेली वाहून तिनं पोरगं शिकवलं. तिला सुनेचं राज्य कसं सोसेल? दुसऱ्या दिवशी प्रेमिला गुपचूप तिच्या मागं गेली.

म्हातारी भीमाबाईच्या घराकडे वळलीच नाही. कॉलनीच्या मागं नवीन क्वार्टरं बांधणं चालू होतं, तिकडे गेली. पदर खोचला, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि विटांचं घमेलं उचलून सरळ फळीवर चढली. कोणी पाहिलं तर? प्रेमिला धावत पुढं गेली.

अंजनाबाई दचकल्या, पण घमेलं त्यांनी खाली ठेवलं नाही. "भीमाबाई इथं कामाले आहे, पण तिचा हात उचलत नाही. मुकादमाले समजलं तं काढून टाकीन तिले. अर्ध्या खेपा मी मारतो," त्या म्हणाल्या. मग हळूच बोलल्या, "घरी तू मले कायले हात लावू देत नाही. बसून बसून जीव जाऊन राहिला होता माझा वं."

प्रेमिला घरी आली ती धुसफुसतच. रडूही आलं तिला. गप्प बसावं तर सासूला उपाशी मारते. खरं सांगावं तर म्हातारीला मजुरीला धाडते, असं लोक म्हणणार. बरं, अडवावं तर ती पुन्हा भिंतीला टेकून बसणार, आणि तिकडे भीमाबाईचं काम जाणार.

संध्याकाळी अंजनाबाई जेवायला बसल्या तशा शोभाताई आल्या. त्यांच्या मागोमाग विरजणाचं निमित्त करून कांताबाईही दारात उभ्या. प्रेमिलानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"ताई, काल मी चुकीचं सांगितलं. आई बसून नसतात. रोज दुपारी घमेली वाहतात."

"या वयात?" कांताबाईंचे डोळे चमकले. "अन् तू जाऊ देतं?"

"जाऊ देतो." प्रेमिला म्हणाली. "उद्याही जातीन त्या."

कांताबाई विरजण न घेताच गेल्या. रात्रीपर्यंत कॉलनीभर होणार, हे प्रेमिलाला ठाऊक होतं. एवढ्या कष्टाला हे अन्न फार कमी पडतं, असं शोभाताई म्हणाल्या. प्रेमिला भाकरीची टोपली घेऊन आली आणि अंजनाबाईंनी ताट पुढं केलं.